जावयाला सोफ्यावर बसवून ठेवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, की आपली मुलं परदेशात गेली की तिकडचे सण करायला लागतात, ख्रिसमसच्या झाडासमोरचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि गुढीपाडवा कधी आहे हे मात्र आईला फोन करून विचारतात. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, त्यांचं दुखणं खरं आहे, आमचे बाबाही हेच बोलतात, त्यामुळे मला राग वगैरे आला नाही. पण दुसऱ्याच्या सणात रमलं की माणूस आपल्या सणाला पारखा होतो असं जे त्यांनी लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगायला हे लिहितेय. लांबेल थोडं, काटछाट तुमच्या हातात.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात वाढले, आता नोकरीसाठी जर्मनीत ड्रेस्डेनला असते. नवरा तिथलाच. सॅक्सनी राज्यात झेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथलं एक छोटं गाव त्याचं. लग्न इथेच इंदूरला झालं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, तीस दिवसांची नोटीस लागते ती लावून. सध्या सुट्टीत माहेरी आलेय म्हणून तुमचा पेपर रोज सकाळी पोह्यांबरोबर वाचायला मिळतोय.

लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला सासरी जायचं ठरलं तेव्हा इकडे नातेवाइकांत बरीच चर्चा झाली होती. एका काकूंनी आईला विचारलं, तिला चर्चमध्ये गुडघे टेकायला लावणार नाहीत ना, कुणाला मांसाहाराची काळजी तर कुणाला दारूची. ज्यांच्या घरातलं कुणी येत्या डिसेंबरला असंच जाणार असेल त्यांच्यासाठी सांगून टाकते. सॅक्सनी तेव्हाच्या पूर्व जर्मनीत होतं, तिथे १९४९ ते १९९० कम्युनिस्ट राजवट होती, त्यामुळे तिथले बहुतेक लोक आज कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, माझ्या सासऱ्यांचा तर बाप्तिस्माही झालेला नाही. तरी २४ तारखेला संध्याकाळी गावातलं चर्च खच्चून भरतं कारण गावातली मुलं येशूच्या जन्माचं नाटक करतात, पितळी वाद्यांचं पथक वाजवतं आणि वर्षभर न भेटलेली माणसं तिथे भेटतात. मी बाकावर बसले, हातात गाण्यांचा कागद होता, थंडी इतकी की कुणी कोटसुद्धा काढला नाही, आणि मला कुणी काहीही करायला लावलं नाही. मांसाहाराचं सासूबाईंनी आधीच फोन करून नीट विचारून घेतलं होतं. दारू ज्याला हवी तो घेतो, मला सफरचंदाचा गरम रस मिळाला. म्हणजे काकूंच्या सगळ्या काळज्यांचं उत्तर एवढ्यात आटोपतं.

आता खरं सांगायचंय ते. तिथे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळलेला असतो. इंदूरच्या थंडीत वाढलेल्या माणसाला, जिथे दुपारी गच्चीवर ऊन खात बसतात आणि रात्री सराफ्यात गराडू खायला जातात, त्याला हा अंधार पहिल्या वर्षी फार अंगावर येतो, मला तरी आला. पण त्या डोंगरातल्या लोकांना अंधाराची जुनी ओळख आहे. ११६८ च्या आसपास फ्रायबर्गला चांदी सापडली आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या तिथली माणसं खाणीत उतरत आली. हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात खाली जायचं आणि वर यायचं तेव्हा परत अंधार, असे आठवडेच्या आठवडे उन्हाशिवाय. म्हणून त्या भागात घराघराच्या खिडकीत मेणबत्त्यांची अर्धगोल कमान असते, आता बहुतेक ठिकाणी विजेचे दिवे असतात, पण गावात शिरताना एकही खिडकी काळी दिसत नाही. सर्वात जुनी कमान लोखंडाची, १७४० ची सांगतात. पुढे खाणी आटत गेल्या तसे लोक लाकूडकामाकडे वळले, झायफन हे गाव तर लाकडी खेळण्यांसाठीच ओळखलं जातं. २०१९ मध्ये युनेस्कोने झेक बाजूसकट हा सगळा खाणींचा प्रदेश जागतिक वारशात घेतलाय.

त्याच खिडकीत लाकडी बाहुल्या पण ठेवतात, हातात मेणबत्ती धरलेल्या. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितके पंखवाले देवदूत, अशी जुनी रीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं की या घरात कोण कोण आहे. सासरच्या खिडकीत माझा नवरा आणि दीर असे दोन खाणकामगार आणि नणंदेचा एक देवदूत वर्षानुवर्षं उभे होते, रंग थोडे उडालेले. मी गेले तेव्हा नणंदेच्या शेजारी दुसरा देवदूत होता, कोरा करकरीत. सासूबाई त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, मीच बाहेरून येताना पाहिला आणि नवऱ्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं.

आणि मी आत गेल्यावर मला बसवलं नाही हो कुणी! हे मला सर्वात जास्त सांगायचंय. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार तिथे मानतात, पहिल्या रविवारी आम्ही गावी गेलो होतो, बूट काढून होतात न होतात तोच सासऱ्यांनी टेबलावर एक जुना पुठ्ठ्याचा खोका आणून ठेवला आणि म्हणाले हे तुझं काम. खोक्यात कागदाचे शंकू होते, लाल आणि पांढरे, एकमेकांत खोचून ठेवलेले. हेर्नहूटचा तारा म्हणतात त्याला. सतरा शंकू चौकोनी बुडाचे आणि आठ त्रिकोणी बुडाचे, असे पंचवीस, छोट्या पितळी पिनांनी एकमेकांना जोडायचे, पिनेचे दोन पाय भोकातून घालून आतून फाकवायचे. सोपं वाटतं, पण शेवटचे चारपाच शंकू लावताना आत बोटच जात नाही, ताऱ्याला हलकेच दाबून धरायला दुसरं कुणीतरी लागतं, कागद चुरगळून चालत नाही. सासरे धरून बसले, मी पिना लावल्या, त्यांना इंग्रजी येत नाही आणि माझं जर्मन तेव्हा ऑफिसपुरतंच होतं, त्यातून त्यांची बोली अशी की ड्रेस्डेनच्या माणसालाही पटकन कळू नये, त्यामुळे बोलणं फार झालंच नाही. सगळं जुळल्यावर आत बल्ब सोडून तो तारा ओसरीत लावला.

मला पाहताक्षणी आपला आकाशकंदील आठवला हे सांगायला नकोच, पण त्याची गोष्ट कळली तेव्हा मी गप्पच झाले. हे तारे मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या बोर्डिंग शाळांमध्ये सुरू झाले. १८२१ साली नीस्की गावातल्या मुलांच्या शाळेत पहिला मोठा तारा लावला त्याला एकशे दहा टोकं होती. भूमितीच्या तासाला मुलांना कागदाचे हे आकार करायला लावत. आणि ती मुलं होती मिशनऱ्यांची, आईबाप समुद्रापार दूरच्या देशात आणि पोरं इकडे बोर्डिंगात, ख्रिसमस जवळ आला की ती आपापले तारे करून खोल्यांमध्ये लावायची. माझे आईबाबा इंदूरला, मी तिकडे, आणि माझ्या हातात तोच तारा. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, आई पेंगुळलेली, तरी मी तिला शंकूंची सगळी रचना समजावून सांगितली आणि तिने सगळं ऐकून घेतलं.

२४ तारखेला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, पुढे २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, त्यामुळे जे काही लागणार ते आधीच भरून ठेवावं लागतं. एर्त्सगेबिर्गमध्ये त्या रात्री नऊ पदार्थ करतात. कुठले नऊ ते घरोघरी वेगळं असतं पण प्रत्येकामागे काहीतरी मागणं असतं. मसूर खाल्ले की वर्षभर सुट्टे पैसे कमी पडत नाहीत, बटाट्याचे मोठे गोळे खाल्ले की मोठे पैसे येतात, आंबवलेला कोबी, बीट, मशरूम, भाजलेला हंस किंवा सॉसेज, शेवटी दुधात भिजवलेला पाव साखर आणि बदाम घालून. ताटाखाली नाणं ठेवतात. अवचित कुणी आलं तर म्हणून एक ताट जास्तीचं मांडतात. आणि जेवण संपेपर्यंत टेबलावरून कुणी उठायचं नाही, अगदी कुणीच नाही, म्हणून सगळं आधीच टेबलावर आणून ठेवलेलं असतं आणि सासूबाई सगळ्यांबरोबर बसतात. मी आठवून पाहिलं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आई आमच्याबरोबर पहिल्या घासाला बसलीय असं एकही वर्ष मला आठवेना. यावर आपल्याकडच्या बायकांनी जरूर विचार करावा, पुरुषांनी त्याहून जास्त करावा.

तर त्या नवातला एक पदार्थ माझ्याकडे दिला होता. सासूबाई म्हणाल्या मसूर तू कर, तुमच्याकडे करतात तसे. मी आईला सकाळी व्हिडिओ कॉल लावला, गोडा मसाला माझ्याकडे इंदूरचाच होता, चिंच ड्रेस्डेनच्या आशियाई दुकानातून आधीच आणलेली, गूळही. त्यांचे मसूर सालीचे, तपकिरी, शिजायला वेळ घेतात, मी घाबरले होते की नऊ पदार्थांचा मुहूर्त माझ्यामुळे चुकतोय की काय, पण शिजले, फोडणीचा वास वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि दीर खाली येऊन पातेल्यात डोकावून गेला. नवऱ्याच्या आजीने बटाट्याचा तो मोठा गोळा सुरीने न कापता काट्याने फोडला (सुरीने कापत नाहीत, फोडला की रस्सा आत मुरतो) आणि त्यावर आमटी ओतून घेतली. मग परत घेतली. आजींचं वय नव्वदीच्या जवळ, त्यांना हवं तेच त्या खातात आणि नको ते सरळ बाजूला सारतात, त्यामुळे ती दुसरी वाटी मला कुठल्याही कौतुकापेक्षा मोठी वाटली.

त्याच आजींनी मला स्टोलनची गोष्ट सांगितली. स्टोलन म्हणजे लोणी, मनुका आणि साखरेत मुरवलेल्या लिंबाच्या साली घातलेला जड गोड पाव, वरून पिठीसाखरेचा जाड थर, काही आठवडे आधी भाजून मुरत ठेवतात. पूर्वी ख्रिसमसच्या आधीचे आठवडे उपासाचे असत, त्यात लोणी वर्ज्य, तेलात केलेला तो पाव खाववत नसे म्हणून सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे अर्ज केला आणि १४९१ मध्ये लोणी वापरायची परवानगी मिळाली. उपासाला काय चालतं काय नाही यावर आमच्या घरी अजून दर एकादशीला वाद होतो, त्यामुळे मला त्या राजघराण्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. पण आजींची गोष्ट त्यानंतरची. कम्युनिस्ट काळात मनुका, बदाम, लिंबाच्या साली काही मिळायचं नाही, पश्चिम जर्मनीतले नातेवाईक पार्सल पाठवायचे त्यात कॉफी आणि हे सामान असायचं, ज्यांना असे नातेवाईक नव्हते त्यांच्यासाठी सरकारी कारखाने गाजर आणि हिरवे टोमॅटो साखरेत मुरवून ते लिंबाच्या सालीऐवजी द्यायचे. आजी म्हणाल्या आम्ही तेही घातलं, स्टोलन केलाच, एकही वर्ष चुकवलं नाही. हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर अक्रोडाची टोपली आणि अडकित्ता सरकवला होता, ऐकता ऐकता फोडत रहा म्हणून!

जेवणानंतर भेटवस्तू. तिथे भेट देणाऱ्यासमोरच उघडायची, आपल्यासारखी हळूच कपाटात ठेवून द्यायची नाही, आणि एकेकाने उघडायची, बाकीच्यांनी बघायचं. सासूबाईंसाठी मी महेश्वरी दुपट्टा नेला होता, अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले तिथपासूनची गोष्ट मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली. सासऱ्यांना जीरावण मसाल्याची बाटली, आता ते उकडलेल्या अंड्यावर रोज घालतात. पुढे कुणी नेणार असेल तर लक्षात ठेवा, पेढे किंवा खव्याचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

आता इंदूरकडे येते. त्या ख्रिसमसनंतरच्या दिवाळीला नवऱ्याचा दिवाळसण झाला इथे. उटणं लावून अभ्यंगस्नान, पाट, रांगोळी, ओवाळणी, नवा कुडता, चांदीची वाटी, आईबाबांनी काही म्हणता काही कमी केलं नाही. त्याला फार आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधीचे चार दिवस? घरात चकल्या चालल्या होत्या, मावशी आल्या होत्या, अनारशाचं पीठ आंबत होतं, भाऊ गच्चीवर माळा लावत होता, आणि हा उंचापुरा माणूस, घरी लाकूड कापतो, भिंती रंगवतो, भाकरीसारखा पाव स्वतः भाजतो, तो सोफ्यावर. स्वयंपाकघराच्या दारात आला की अहो जावईबापू तुम्ही कशाला, बसा ना, टीव्ही लावू का? सोऱ्या हातात घेतला तर आजीने काढून घेतला, प्रेमानेच. कंदील लावायला स्टुलावर चढला तर काका धावत आले, नको नको, आम्ही आहोत ना. ज्याने त्याने येऊन त्याच्याशी इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं, एक फोटो काढायचा, ताटलीत काहीतरी वाढायचं आणि परत आपल्या कामाला जायचं. तिसऱ्या दिवशी रात्री गच्चीवर त्याने मला विचारलं की तुमच्या घरी माझ्यावर विश्वास नाही का, मी काही बिघडवेन असं वाटतं का त्यांना? मी समजावलं की हा मान आहे, जावयाला काम सांगणं म्हणजे आमच्याकडे अपमान समजतात. तो म्हणाला, तू पहिल्या रविवारी आमच्याकडे आलीस तेव्हा बाबांनी तुला खोका दिला नसता तर तुला कसं वाटलं असतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून त्या ज्येष्ठ वाचकांना माझं सांगणं आहे की मी सासरच्या सणात रमले ती झाड आणि रोषणाई पाहून नाही रमले, ते तर मॉलमध्येही दिसतं, आपल्या इंदूरलाही २५ डिसेंबरला लाल चर्चकडे लोक गर्दी करून बघायला जातातच, आम्हीही लहानपणी जायचो. रमले ते पिना लावताना, मसूर शिजताना, अक्रोड फोडताना. आणि त्यामुळे आपल्या सणाला पारखी झाले का? उलट त्या आमटीसाठी आईशी जेवढी बोलले तेवढी इथे राहताना कधी बोलले नव्हते. दिवाळसणाच्या पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही तिकडेच होतो, तिकडे सुट्टी नसते तरी ऑफिसवरून येऊन मी आणि नवऱ्याने घरी पहिल्यांदा आकाशकंदील केला, इंदूरला असताना आम्ही राजवाड्याच्या बाजारातून आणायचो. खिडकीत लावला तर शेजारच्या बाई विचारायला आल्या, ख्रिसमस अजून दीड-दोन महिने लांब आहे, आधीच तारा कसा? त्यांना बसवून चिवडा दिला आणि सगळं सांगितलं.

आणि हे फक्त परदेशी जावयांचं नाहीये. इंदूरमध्ये आपल्या घरांत मालवी, सिंधी, मारवाडी, पंजाबी सुना आणि जावई किती आहेत बघा, आजूबाजूची चार घरं मोजली तरी कळेल. जावयाला आपण काहीच करू देत नाही. सुनेला काम भरपूर देतो पण कुठलं? भाजी चिरणं, भांडी, चहा, आल्यागेल्याचं बघणं. सणाचं म्हणून जे काम असतं, ज्याला हात लावला की सण आपला वाटतो, ते आपण तिच्याकडे देत नाही. माझ्या आतेभावाची बायको सिंधी आहे, इथलीच, लग्नाला बरीच वर्षं झाली, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. तिच्या हातात अजून कुणी गौरीचे मुखवटे दिलेले नाहीत. दरवर्षी ती बाजूला उभी राहून आरतीचं ताट धरते आणि दरवर्षी कुणीतरी तिला विचारतं, तुला पुरणपोळी आवडते ना गं? हा प्रश्न घरच्या माणसाला विचारतात का? सोवळ्याओवळ्याचं, कुळाचाराचं कारण सांगतात, मला त्यातलं फार कळत नाही, पण ज्या घरात गौरी माहेरवाशीण म्हणून येते त्या घरात दुसऱ्या घरून आलेल्या मुलीने तिला हात लावू नये हे मला कधीच समजणार नाही.

आपल्या मंडळांनाही एक विनंती आहे. डिसेंबरच्या शेवटी परदेशातून मुलं घरी येतात, कारण तेव्हाच तिकडे सलग सुट्टी मिळते, सोबत नवरे-बायका, कधी त्यांचे आईवडीलही असतात. त्या आठवड्यात मंडळात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवता, फार चांगलं करता, पण त्यांना पहिल्या रांगेत बसवून गुलाबाचं फूल देऊन सत्कार करू नका. एक दुपार ठेवा ज्यात चकली पाडायला, तिळगुळाचे लाडू वळायला, कंदील बांधायला त्यांचे हात लागतील. संक्रांत पंधरा दिवसांवर असते, तिळाचे लाडू तर चालून जातील. ज्या आज्यांना हे येतं त्यांनी शिकवायचं. भाषा नाही आली तरी चालतं हे मी त्या पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर बसून पाहिलंय.

आमच्याकडे या दिवाळीला सासूसासरे येणार आहेत, पहिल्यांदाच भारतात. आईने आधी हॉटेलं, गाडी, मांडवची सहल, सगळं ठरवायला घेतलं होतं, मी म्हटलं मांडवला जाऊच पण धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस घरी मोकळे ठेव. सासूबाईंना अनारसे शिकायचेत, त्यांनी खसखस म्हणजे काय ते आधीच बघून ठेवलंय, त्यांच्याकडे खसखशीचा केक करतात म्हणून त्या खूश आहेत. आजीने सोऱ्या द्यायचं कबूल केलंय, पहिला घाणा सोडून. सासऱ्यांनी कंदिलाची मापं मागवली आहेत, त्यांना कागदाऐवजी आधी सांगाडा समजून घ्यायचाय, बांबूचा, पारंपरिक षटकोनी, आठकोनी जो जमेल तो. अडचण अशी आहे की बाजारात सगळे घडीचे प्लास्टिकचे आणि पुठ्ठ्याचे कंदील मिळतात, बांबूच्या तासलेल्या कामट्या कुठे मिळतात ते आम्हाला कुणालाच माहीत नाही, बाबांना ज्यांच्याकडून मिळायच्या ते दुकान केव्हाच बंद झालंय. तुमच्या वाचकांपैकी कुणाला इंदूरमध्ये असा कारागीर माहीत असेल, किंवा कुणी आजोबा अजून स्वतः कामट्या तासत असतील, तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं, मी येऊन निरोप घेईन. आम्हाला तीनचार कंदिलांपुरत्या हव्या आहेत, आणि शिकवायला कुणी यायला तयार असेल तर चहा-फराळ आमच्याकडे.

आपली,
लोकमान्य नगरची एक वाचक, इंदूर
(नाव छापू नये ही विनंती)